टायको विवराचे वय
पौर्णिमेच्या चंद्रबिंबावर दक्षिणेकडे एक तेजस्वी ठिपका दिसतो. त्यातून पांढुरके पट्टे दूरवर पसरलेले असतात. हेच टायको, अशनीच्या आघाताने खोदले गेलेले सुमारे ८५ किलोमीटर व्यासाचे विवर. त्याच्या दक्षिणेचे क्लेव्हियस अडीचपटीहून मोठे, पण वृद्ध व झिजलेले. पौर्णिमेस ते शोधूनही सहसा सापडत नाही. टायको त्यामानाने तरुण, म्हणजे सुमारे ११ कोटी वर्षांचे! हा आकडा मात्र टायकोतील दगडावरून काढलेला नाही. १९७२ साली अपोलो १७ च्या चांद्रवीरांनी दोन हजार किलोमीटरांहून दूरच्या एका दरीतून नमुने आणले. तेथील दरड टायकोतून उडालेल्या दगडांच्या माऱ्याने कोसळली असावी, या तर्कावर तो उभा आहे. टायकोच्या उत्तरेस १९६८ साली सर्व्हेयर ७ हे यान उतरले होते खरे. परंतु ते परतणारे नव्हते.