बिडी-सिगारेट आणि पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी



लागण, खोडवा, खताचे हप्ते याविषयी आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा, पण बांधावर हळू आवाजात निघणारा आहे. पन्नाशी-साठीचे सभासद सांगतात, "साहेब, रात्री चार वेळा उठावं लागतं. धार बारीक झालीय." सांगताना हातात बहुधा बिडी असते.

प्रोस्टेट ही पुरुषांनाच असणारी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी अक्रोडाएवढी असते, वयाबरोबर बहुतेकांची वाढते. त्यामुळे नळी दाबली जाते आणि वरील त्रास सुरू होतो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. बिडी सोडली म्हणून ती मागेही जात नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मग बिडी-सिगारेटचा संबंध कुठे येतो? ओढल्यामुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होतोच, असे सिद्ध झालेले नाही. पण तो झालेल्या माणसाला ओढणे महागात पडते, असे दिसते. अमेरिकेत अशा ५,३६६ रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रोग कळला त्या वेळी जे ओढत होते, त्यांचा याच कॅन्सरने दगावण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी जास्त आढळला. सोडून दहा वर्षे झालेल्यांचा धोका मात्र न ओढणाऱ्यांइतकाच होता. म्हणजे सोडण्याचा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. धुरातले विष रक्तात जाते, मूत्रपिंडातून गाळले जाते आणि लघवीबरोबर मूत्राशयात साठून राहते. त्यामुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे पक्के सिद्ध आहे. त्याची पहिली खूण बहुधा लघवीतून रक्त जाणे ही असते, तेही काही न दुखता. एकदा लाल होते, मग महिनाभर साफ. आपण म्हणतो उन्हाळी लागली, आणि धण्या-जिऱ्याचे पाणी पिऊन गप्प बसतो. किंवा "प्रोस्टेटच असेल" म्हणून सोडून देतो. इथेच घात होतो.

काणीचे बेट दिसले की आपण "आणखी एक पाणी बघू" म्हणत नाही, लगेच उपटून जाळतो. तोच नियम इथे लावावा.

सभासदांनी एवढे करावे:

१) लघवीत एकदाही रक्त दिसले, तर थांबले तरी डॉक्टरांना दाखवावे. दिवसाला किती बिड्या, किती वर्षे, हे खरे सांगावे.

२) लघवी पूर्ण अडली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

३) प्रोस्टेटचे ऑपरेशन ठरले असल्यास निदान महिनाभर आधी ओढणे बंद करावे. भूल आणि फुप्फुसे दोन्हींना ते सोसते.

४) बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज सोडावा. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला झोप उडवायला चहाची किटली न्यावी. सोडणे जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि हंगाम संपल्यावर बघू, असे म्हणू नये. तोड चालू असली तरी फडावर मुलगा किंवा भाऊ उभा राहील. डॉक्टरांकडे मात्र तुम्हालाच जावे लागेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग