मध्यम पल्ल्याची धाव (लेखांक चौथा) : घड्याळाशी आणि माणसांशी

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड काय, अथवा वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव काय, तेथे ‘मध्यम पल्ला’ हा शब्दप्रयोग सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. परंतु ‘सोळाशे’ म्हटले की भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला अधिक काही सांगावे लागत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या 1600 मीटर धावेला आणि स्त्रियांच्या 800 मीटर धावेला प्रत्येकी वीस गुण असल्यामुळे, क्रीडाशास्त्राचे नावही न ऐकलेला तरुणवर्ग सरकारी हुकुमानेच या शास्त्राचा विद्यार्थी झाला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र भरतीची धाव ही घड्याळाशी असते. शेजारचा पुढे गेला म्हणून आपले गुण घटत नाहीत. अशा धावेत समान गतीच हितावह, कारण आरंभीच्या उतावीळ वेगाने प्राणवायूची जी उसनवारी होते, तिची वसुली शेवटच्या फेरीत सव्याज होते. विश्वविक्रमी 800 मीटरमध्ये पहिली फेरी किंचित जलद असते खरी (2012 साली लंडनमध्ये केनियाचा धावपटू रुडिशा याने 49.28 सेकंदांत पहिली फेरी घेऊन 1:40.91 ही वेळ नोंदविली), पण तो अपवाद अतिकुशलांचा, भरतीच्या उमेदवाराने त्याचे अनुकरण न केलेले बरे.

अजिंक्यपदाच्या शर्यतीत मात्र क्रमांकच सर्वस्व ठरतो आणि सारा हिशेब पालटतो. समोरून येणारा वारा दुसऱ्याच्या अंगावर जावा म्हणून कोणीच आघाडी घेत नाही, सारा जथा रेंगाळतो, आणि अखेरच्या फेरीत ज्याच्यापाशी वेग शिल्लक असेल तो जिंकतो. 2016 च्या ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरचे सुवर्णपदक 3:50.00 या वेळेला मिळाले. तेव्हाचा विश्वविक्रम 3:26.00 होता!

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, सैन्यात शिपाई म्हणून रुजू झाल्यानंतर धावपटू बनलेला अविनाश साबळे याला हा फरक एकाच उन्हाळ्यात अनुभवावा लागला. त्याची तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत पुष्कळ जाणकार मध्यम पल्ल्यातच गणतात. जून 2022 मध्ये रबात येथे त्याने 8:12.48 अशी वेळ दिली; जुलैमध्ये यूजीन येथील जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत इतकी मंद झाली की विजेत्याला 8:25.13 पुरले, आणि त्याहून कितीतरी जलद धावू शकणारा साबळे 8:31.75 घेऊन अकरावा आला. दोष त्याच्या फुप्फुसांचा नव्हता. मंद शर्यतीतला तो अखेरचा झपाटा त्याच्यापाशी तितका धारदार नव्हता, एवढाच माझा तर्क.

ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र शर्यत जलद झाली. 1998 पासून 2018 पर्यंत या प्रकारातील पुरुषांची सर्व पदके केनियाच्या दप्तरी जमा होती. तेथे साबळे 8:11.20 वेळेत दुसरा आला, आणि सुवर्णपदक केवळ पाच शतांश सेकंदांनी हुकले.

अडथळे आणि पाण्याचा खंदक यांचा विचार पुढील लेखांकी करू.