हळद आहे, कुंकू नाही!

टोकियोतल्या कुठल्याही बागेत तळ्याकाठी उभे राहा, एक तपकिरी बदक हमखास दिसेल. काळी चोच आणि चोचीच्या टोकाला पिवळाधमक ठिपका. महाराष्ट्रातला पक्षीवेडा माणूस लगेच म्हणेल, ‘अरे, हे तर आपलं हळदी-कुंकू!’ पण जरा थांबा. आपल्या हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या बुडाशी लाल ठिपके असतात, ते कुंकू. जपानमधल्या या बहिणीला ते नाहीत. तिचं नाव कारुगामो. तिच्याकडे नुसती हळद!

१९८०च्या दशकात हिने अख्ख्या टोकियोला वेड लावलं होतं. ओतेमाची या कचेऱ्यांच्या गजबजलेल्या भागात एका इमारतीच्या छोट्या तळ्यावर पिल्लं निघाली आणि आई त्यांची रांग घेऊन थेट मोठा रस्ता ओलांडून सम्राटांच्या राजवाड्याच्या खंदकाकडे निघाली. रहदारी थांबली, कॅमेरे धावले, टीव्हीवर बातम्या झळकल्या. बदक रस्ता ओलांडतंय यासाठी शहर थांबतं, हे मला फार आवडतं.

पक्षी बोलतो, माणूस शब्द भरतो

पावशा ओरडला की आपल्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. जपानी लोकांनी हा छंद फार पुढे नेलाय. पक्ष्याच्या आवाजात शब्द ऐकण्याच्या या प्रकाराला ते ‘किकिनाशी’ म्हणतात, आणि बागेत आवाज ओळखायला शिकवताना आजही त्याचाच आधार घेतात. वसंतात उगुइसु गातो ‘होऽऽ होकेक्यो’. होकेक्यो म्हणजे बौद्धांचं सद्धर्मपुंडरीक सूत्र! एवढासा पक्षी झुडपात बसून धर्मग्रंथाचं नाव घेतोय, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. डोंगराकडच्या झाडीत सेंदाइ-मुशिकुइ नावाचा चिमुकला वटवट्या मात्र ‘शोच्यू इप्पाइ गुइ’ म्हणतो. अर्थ काय, तर ‘एक पेला दारू, गटकन!’ चीनमधून आणून सोडलेला कोजुकेइ हा तितरासारखा पक्षी गवतातून सारखा हाका मारतो, ‘चोत्तो कोइ, चोत्तो कोइ’, म्हणजे ‘जरा इकडे ये’.

आणि होतोतोगिसु? हाही पावशाच्याच कुळातला, कोकिळांचा भाऊबंद. तो म्हणतो ‘तोक्क्यो क्योका क्योकु’. म्हणजे पेटंटला परवानगी देणारं कार्यालय! आपल्याकडे या कुळाने शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून दिली, तिकडे थेट सरकारी कचेरी गाठली. ज्या समाजाच्या डोक्यात जे घोळत असतं, ते त्याला झाडावरून ऐकू येतं.

उगुइसुची एक गंमत आणखी आहे. तो आवाजाला गोड, पण रंगाला मातकट आणि स्वभावाने लाजाळू. त्यामुळे फेब्रुवारीत प्लमच्या फुलांवर कुणी हिरवागार पक्षी दिसला की लोक आनंदाने म्हणतात, ‘उगुइसु!’ तो बहुतेक वेळा मेजिरो असतो, आपल्या चष्मेवाल्याचा भाऊ, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला. थंडीत मेजिरो फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीने बसतात. म्हणून माणसं दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून बसली की जपानीत त्याला ‘मेजिरो-ओशी’ म्हणतात. आपल्या लोकलच्या चौथ्या सीटलाही हा शब्द चपखल बसेल.

दुर्बीण घेऊन रानात जाऊन पक्षी बघायचे, ही रीत तिथे रुजवली ती एका भिक्षूने. नाकानिशी गोदो हे बौद्ध भिक्षू आणि कवी. घरोघरी पक्षी पिंजऱ्यात ठेवण्याचा तो काळ होता. रानातले पक्षी रानातच राहू द्या, असा आग्रह धरून १९३४मध्ये त्यांनी जपानची वन्यपक्षी संघटना काढली आणि त्याच वर्षी फुजी पर्वताच्या पायथ्याशी पहिली पक्षीनिरीक्षणाची सहल नेली.

खंड्याची चोच, गाडीचं नाक

या संघटनेच्या एका सदस्याने तर रेल्वेगाडी बदलली. नाकात्सु एइजी हे शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचे अभियंते, आणि छंद पक्षीनिरीक्षणाचा. अडचण अशी होती, की भरधाव गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या टोकाला ‘धडाम’ असा आवाज होऊन बाहेर पडायची. बोगद्याजवळ राहणारे लोक हैराण. नाकात्सुंना आठवला खंड्या. हवेतून पाण्यात, म्हणजे विरळातून दाटात, तो सूर मारतो तरी पाणी फारसं उडत नाही. का? चोचीच्या आकारामुळे. मग ५०० मालिकेच्या गाडीला १५ मीटर लांबीचं निमुळतं नाक मिळालं, आणि १९९७मध्ये ती ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. छतावरून वीज घेणाऱ्या भागाचा आवाज कमी करायला घुबडाच्या पिसांची दातेरी कड उपयोगी पडली, ती वेगळीच. टोकियोच्या तळ्यांवर दिसणारा हा खंड्या आपल्या छोट्या खंड्याच्याच जातीचा आहे बरं का!

आता शिजुकारा. आपल्या राखी वल्गुलीची ही नातेवाईक, गळ्यापासून पोटापर्यंत काळा टाय लावलेली. सुझुकी तोशिताका या संशोधकाने कारुइझावाच्या जंगलात वर्षानुवर्षं तिचं बोलणं ऐकलं. एक आवाज ‘सावध!’, दुसरा ‘इकडे या!’ दोन्ही त्याच क्रमाने आले की पक्षी इकडेतिकडे बघत जवळ येतात. संशोधकांनी क्रम उलटा करून वाजवला, तर पक्ष्यांनी फारशी दादच दिली नाही. म्हणजे शब्दांना क्रम आहे, व्याकरण आहे! हे २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. सापासाठी वेगळा शब्द आहे, तोही सुझुकींनीच शोधला.

हिवाळ्यात काटेरी फांद्यांवर टोळ, बेडूक, पाली टोचून ठेवलेल्या दिसल्या तर दचकू नका. ते मोझुचं काम. मोझु म्हणजे आपला खाटीक पक्षी. हा साठा कशासाठी, यावर खूप तर्क चालायचे. ओसाकातल्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं, की हा साठा भरपूर खाल्लेले नर अधिक वेगाने गातात आणि त्यांना जोडीदारही लवकर मिळतो. गाण्याआधीचा खुराक!

जाळी, पिंजरा, गवती टोपी

उन्हाळ्याच्या सुट्टीत बागेत मुलं किडे पकडायला अशी सज्ज दिसतात. पहाटे ओकच्या झाडाला गळणाऱ्या रसावर शिंगवाला भुंगा, काबुतोमुशी, शोधायचा. काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. हे वेड पुढे कुठे जातं बघा: चित्रकथांचे सम्राट तेझुका ओसामु यांनी टोपणनावात ‘किडा’ हे अक्षर जोडलं, कारण ओसामुशी हा भुंगा त्यांना आपल्या नावासारखा वाटला. आणि पोकेमॉनचे जनक ताजिरी सातोशी लहानपणी किडे गोळा करत हिंडायचे. पकडा, साठवा, मित्राशी अदलाबदल करा: खेळ तिथूनच आला.

वाटेत रातकिड्यासारखा किर्रर्र करणारा सिकाडा उताणा पडलेला दिसला तर पाय बघा. पाय मिटलेले असतील तर मेलेला, पसरलेले असतील तर सांभाळा, तो अंगावर उसळेल! ओसाकाकडच्या काळ्या कुमाझेमीने तर घरोघरची इंटरनेट सेवा बंद पाडली होती. वाळकी काडी समजून तिने ऑप्टिकल फायबरच्या केबलमध्ये अंडी घातली. शेवटी कंपन्यांना सिकाडाला दाद न देणाऱ्या केबल बनवाव्या लागल्या.

तामामुशी हा भुंगा हिरवा, तांबडा, सोनेरी असा प्रत्येक कोनातून निराळा चमकतो. नारा जवळच्या होर्यूजी मंदिरातला सातव्या शतकातला एक देव्हारा त्याच्याच पंखांनी मढवला होता. आणि पुढाऱ्याने दोन्हीकडून अर्थ निघेल असं उत्तर दिलं की वर्तमानपत्रं त्याला ‘तामामुशी रंगाचं उत्तर’ म्हणतात.

काजव्यांनाही प्रांत आहेत. गेंजी काजवा पश्चिम जपानात दर दोन सेकंदांनी चमकतो, पूर्वेत चार सेकंदांनी. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी घड्याळ लावून बघावं.

आसागिमादारा या फुलपाखराच्या पंखावर हौशी लोक पेनाने तारीख, जागा आणि क्रमांक लिहून त्याला सोडून देतात. ऑक्टोबर २०११मध्ये वाकायामातून सोडलेलं एक वर्षाच्या शेवटच्या दिवशी हाँगकाँगमध्ये सापडलं. सुमारे २,५०० किलोमीटर! पेनाची अक्षरं अजून वाचता येत होती.

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ आहे मुकोजिमा-ह्याक्काएनची. टोकियोतली ही बाग १८०४च्या सुमारास एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने लावली. ऑगस्टच्या अखेरीस तिथे ‘मुशिकिकी’ होते, म्हणजे किडे ऐकण्याची संध्याकाळ. माणसं दुर्बीण घेऊन येत नाहीत. अंधार पडेपर्यंत बागेत थांबतात, कंदील लागतात, आणि गवतातून सुझुमुशी सुरू होतो, रीऽऽन, रीऽऽन. मग जरा लांबून मात्सुमुशी: चिन चिरोरिन, चिन चिरोरिन.