वहीत न लिहिलेले खाते

दीपावलीच्या अमावास्येला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, पेढीवर नव्या वहीचे पूजन होते. कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते आणि मागील वर्षाची बाकी नव्या पानावर ओढली जाते. आता बहुतेक पेढ्यांचा हिशेब संगणकावर असतो, तरी पूजेसाठी लाल वही येतेच. तिच्यात घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते, गिऱ्हाइकांची उधारी असते, नोकरांना दिलेली उचल असते. कित्येक घरांत एका देण्याला मात्र तेथे पान मिळत नाही. ते देणे असते घरातील तरुणाच्या, आणि पुष्कळदा कर्त्या पुरुषाच्याही, खिशातील क्रेडिट कार्डाचे.

व्यापारी माणसाला उधारीची लाज नसते. वायद्याने माल उचलावा, विकावा आणि वायद्याच्या दिवशी रक्कम पोचती करावी, यावर तर बाजार चालतो. क्रेडिट कार्ड त्याला याच ओळखीच्या रूपात भेटते. खरेदीपासून सुमारे पंचेचाळीस दिवस बिनव्याजी, असा त्याचा वायदा. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याच्या हातात ते सोयीचे साधन आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बिलातील काही भाग मागे राहिला की वायदाच मोडतो. मग राहिलेल्या रकमेवर तर व्याज लागतेच. शिवाय त्यानंतर केलेल्या प्रत्येक नव्या खरेदीवरही, ती केल्या दिवसापासून व्याज सुरू होते. ही गोष्ट मुरलेल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक नसते. कार्डावर बाकी असताना दुकानाचा माल त्याच कार्डावर घेणारा मनुष्य तो बिनव्याजी समजत असतो.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. कार्डावर १,००,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे, असे धरावे. वर्षाला ते बेचाळीस टक्के होते, आणि कार्डांच्या बाबतीत हा दर मुळीच अपवादाचा नाही. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये छापलेले असतात. ते भरले की मुद्दलातून उतरले केवळ ८७० रुपये. पुढेही दरमहा बाकीच्या पाच टक्केच भरत गेल्यास दोन वर्षांत सुमारे १,०८,००० रुपये बँकेला जातात आणि तरीही कार्डावर ८१,००० रुपये शिल्लक राहतात. तेही या काळात नवी खरेदी एका रुपयाचीही केली नाही तर!

याच्या शेजारी दुसरी बेरीज ठेवावी. तेच एक लाख रुपये वार्षिक पंधरा टक्के दराच्या वैयक्तिक कर्जाने फेडले, तर दरमहा सुमारे ४,८५० रुपयांच्या हप्त्यात चोविसाव्या महिन्यात कर्ज संपते. म्हणजे महिन्याला खिशातून जाणारी रक्कम जवळपास सारखीच, आणि दोन वर्षांनंतर एक घर मोकळे, तर दुसरे जेथल्या तेथे.

आपल्या जुन्या व्यवहारात दामदुप्पट नावाचा नियम होता. एका वेळी मागायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा तो दंडक हिंदू धर्मशास्त्रात होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. कार्डाच्या बाबतीत असा आडोसा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. दर ठरवण्याचा अधिकार बँकांचा आणि त्यांवर देखरेख रिझर्व्ह बँकेची, अशी आज स्थिती आहे. न्यायालयाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

याहून अवघड दुखणे लपवण्याचे आहे. बाजारात पत हेच भांडवल, म्हणून ‘देणे थकले’ हा शब्द घराबाहेर जाऊ नये ही काळजी रास्त आहे. पण तो घरातही फुटू नये म्हणून जे केले जाते ते घातक ठरते. पहिल्या कार्डाचे बिल भरण्यासाठी दुसरे कार्ड निघते, मग तिसरे. ओळखीच्या दुकानातील यंत्रावर कार्ड फिरवून, दोन-तीन टक्के कापून देऊन रोख उचलली जाते. विक्री झालेलीच नसते, पावती मात्र विक्रीची निघते. कार्डाच्या अटींचा हा सरळ भंग आहे. आणि ज्याने अणुव्रते घेतली आहेत त्याला वेगळे सांगायला नको, की कूटलेख हा सत्याणुव्रताचा अतिचार मोजला आहे. एरवी पैशाचे नुकसान भरून निघते. या चक्रात सापडलेला मनुष्य मात्र वडिलांच्या समोर बसणे टाळू लागतो, पत्नीने पाकीट उघडले तर दचकतो. पर्युषणात सर्वांची क्षमा मागतो आणि ज्यांच्यापासून लपवले त्यांनाच खरे सांगत नाही.

सुटकेचा आरंभ म्हणूनच बँकेत होत नाही, वहीत होतो. प्रत्येक कार्डाच्या नावाने एक खाते उघडावे. त्यात आजची बाकी, व्याजाचा दर आणि देय तारीख लिहावी. ते पान घरातील थोरांच्या आणि पत्नीच्या समोर ठेवावे. तो अर्धा तास कठीण जातो, हे खरे. परंतु पेढीवरचे मोठमोठे घाटे पचवलेल्या वडीलधाऱ्यांना आकडा ऐकून जितका धक्का बसतो, त्याहून अधिक तो लपवल्याचा बसतो. आणि घराच्या आधाराची वाटही त्या पानावरूनच निघते. घरातील सोने तारण ठेवून किंवा कमी दराचे कर्ज काढून कार्डाचे देणे एकरकमी मिटवणे बहुधा हिताचे असते, मात्र कार्डाचा वापर त्याच दिवशी थांबला तरच. तो थांबला नाही तर सोनेही गहाण आणि कार्डही भरलेले, अशी दुहेरी अवस्था होते. पेढीच्या सीसी खात्यातून घरखर्चाचे कार्ड भरण्याचा मोह तर टाळावाच. तेथे मालासाठी लागणारी रक्कम आटते आणि एका रोगाचे दोन होतात. तारण नसेल तर बँकेला लेखी विनंती करून बाकीचे हप्ते पाडून घेता येतात. कार्डे अनेक असतील तर सर्वांवर किमान रक्कम भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत महाग दराच्या कार्डाकडे वळवावा.

‘अर्ध्या रकमेत तडजोड करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ अशा वेळी हमखास भेटतात. तडजोडीने खाते मिटते, पण पतअहवालात ते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते, आणि पेढीची सीसी मर्यादा वाढवून घेण्याच्या वेळी तोच शब्द आडवा येतो. व्यापाऱ्याने हा मार्ग अगदी निरुपायाने धरावा. वसुली प्रतिनिधींच्या दमदाटीला मात्र भिण्याचे कारण नाही. सकाळी आठच्या आधी वा सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. त्याने भगवंतांसमोर परिग्रहाचे परिमाण केले तेव्हा तो काही निर्धन झाला नाही. बारा कोटी सुवर्णाचे तीन विभाग होते : चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, तेवढ्यावर त्याने सीमा आखली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या कथेतले मर्म विभागणीत आहे. कार्ड नेमके हेच विभाग पुसून टाकते. दुकानाचा माल, मुलीच्या लग्नातील दागिना आणि सुटीतील विमानाचे तिकीट एकाच बिलात उतरतात, आणि व्यापार किती खाल्ला, संसाराने किती, हे कोणालाच कळत नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताला ‘इच्छापरिमाण’ असेही नाव दिले आहे. कार्डावरही एक मर्यादा छापलेली असते, पण ती बँकेने आखलेली. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून ती वाढवता येत नाही, हा नियम आहे. तेव्हा वाढीचा निरोप आला की नकार कळवण्याचा अधिकार प्रत्येकाच्या हाती आहे. कमी करण्याची विनंतीही बँकेला करता येते. एका महिन्याच्या घरखर्चाइतकी मर्यादा ठेवून घेतली तर पुढील पर्युषणात घेतलेला नियम पाळणे सोपे जाते.

देणे फिटल्यावर कार्ड कात्रीने कापून भागत नाही, खाते बंद करण्याची लेखी विनंती द्यावी लागते. सारी बाकी चुकती असेल तर बँकेने ती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची असते; अन्यथा खाते बंद होईपर्यंत दर दिवशी ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. बाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे आणि वहीतील त्या खात्याच्या पानाला लावून ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल मागवून त्यात ते खाते बंद दिसते का, तेही पाहावे. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो.