कोलस्लॉला हवं व्हिनेगर, आणि त्याआधी मीठ

कोलस्लॉ म्हटलं की बर्गरच्या दुकानातला, मेयोनेजमध्ये बुडालेला पांढरा कोबी डोळ्यांपुढे येतो. हा पदार्थ मुळात तसा नव्हता. नाव डच आहे: ‘कोल’ म्हणजे कोबी, ‘स्ला’ म्हणजे सॅलड. १७४९ साली पेर काल्म हा वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेत अल्बनी इथे राहिला होता. डच घरमालकिणीने वाढलेल्या सॅलडची त्याने नोंद केली आहे: बारीक पट्ट्यांत चिरलेला कोबी आणि त्यावर तेल, व्हिनेगर, मीठ, मिरी. बाटलीबंद मेयोनेज घरोघर पोचलं ते विसाव्या शतकात. आजही नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनमध्ये डुकराच्या भाजलेल्या मांसासोबत मेयोनेज नसलेला, व्हिनेगर-केचपचा लालसर स्लॉच वाढतात. तेलकट घासामागून तोंड स्वच्छ करायला आंबटच लागतं.

घरी कोलस्लॉ बिघडतो पाण्यामुळे. कोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असतं. चिरलेल्या कोबीवर थेट मीठ-साखर घातलेलं व्हिनेगर ओतलं, तर ते हे पाणी बाहेर ओढतं आणि तासाभरात सगळं फिकं होतं. म्हणून हे पाणी आधीच काढून टाकावं. अर्धा किलो कोबी सुरीने बारीक चिरून त्याला दीड चमचा मीठ चोळावं आणि तासभर चाळणीत ठेवावा. खाली पाणी साचतं, पाती लवचीक होते. मग मूठमूठ घेऊन घट्ट पिळावा. पाव कप व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, मोहरी आणि मिरपूड यांना एक उकळी आणून ते कोमट करावं, दोन मोठे चमचे तेल घालून किसलेल्या गाजरासह कोबीत कालवावं. वरून मीठ घालण्याआधी चाखून पाहावं.

पिळल्याने जीवनसत्त्वं जातात, हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश पाण्यासोबत जातो. पण कोबी कच्चाच राहतो, आणि ते खारट पाणी कणीक मळायला वापरता येतं. कुरकुरीतपणा जाईल, ही भीतीही नको. पाती मऊ पडली तरी दाताखाली करकरते. लिंबू का नाही? लगेच खायची कोशिंबीर असेल तर लिंबूच उत्तम. पण लिंबाचा ताजा वास ठेवणीत टिकत नाही, व्हिनेगरचा आंबटपणा टिकतो. ते घशाला झोंबत असेल, तर बाटलीवरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहावा. ते अॅसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं असतं. आंबवून केलेल्या व्हिनेगरला, गोव्यातल्या माडाच्या सुरेच्या व्हिनेगरलाही, आंबटपणासोबत स्वतःची चव असते. रात्री कालवून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाढावा; तोवर आंबट-गोड रस प्रत्येक पातीत मुरलेला असतो.