उरलेल्या गोळ्या आणि सरावाचीं काडतुसें



ज्या मास्तरानें तीस वर्षें मुलांना वजनें-मापें शिकविलीं आणि हातांत शस्त्र म्हणून खडूखेरीज कांहीं धरलें नाहीं, त्यानें आज रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. करमाळ्याच्या शाळेंत तो माझ्या हाताखालीं शिकला, पुढें नोकरीनिमित्त अमेरिकेंत गेला, आणि तेथें त्याला नेमबाजीच्या स्पर्धांचा नाद लागला. गेल्या नवरात्रांत तो कमलाभवानीच्या दर्शनास आला होता. देवळाच्या ओवरींत बसून त्यानें आपल्यावर गुदरलेला एक प्रसंग मला सांगितला. त्यावरूनच हें भाषण.

प्रथम काडतूस म्हणजे काय तें पाहूं. त्याचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली केप, पोटांत दारू, आणि तोंडांत शिशाची गोळी. चाप ओढला कीं केपेवर टोला बसतो, ठिणगी दारूंत जाते, आणि दारूचा क्षणार्धांत वायु होऊन तो गोळीस पुढें लोटतो. त्या दाबानें पितळ फुगून भोंवतालच्या पोलादास घट्ट चिकटतें आणि वायु मागें येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच तें किंचित् आकसतें, म्हणून पुंगळी बाहेर निघते. गोळी गेली, दारू जळाली, केप फुटली. परंतु चौघांत सर्वांत महाग जी पुंगळी ती शाबूत राहिली. ती पुनः मूळ मापावर आणावी, नवी केप बसवावी, दारू घालावी, गोळी दाबावी, कीं काडतूस तयार. स्पर्धेच्या नेमबाजास वर्षाकाठीं हजारों बार टाकावे लागतात. तेव्हां ही काटकसर लहान नव्हे.

पॉइंट टू-टू म्हणून जें बारीक काडतूस असतें त्याला मात्र ही युक्ति चालत नाहीं. त्यांत निराळी केप नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेंतच भरलेला असतो, आणि टोल्यानें ती कडच चेपते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं पालेंबांग येथें आशियाई स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविलें, राधानगरी तालुक्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तीं दोन्ही याच जातीच्या काडतुसांवर. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा बनवितां येत नाहीं, हें तरुण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंत स्वतःच्या वापरापुरतीं काडतुसें भरण्यास बहुतेक ठिकाणीं मुभा आहे, म्हणूनच माझ्या विद्यार्थ्यास हा उद्योग करतां आला.

आतां उरलेल्या गोळ्यांकडे वळूं. स्पर्धेसाठीं नेमबाज एकाच घाण्याच्या, एकाच वजनाच्या, सपाट तोंडाच्या गोळ्या घेतो. त्या कागदांत स्वच्छ गोल भोंक पाडतात, आणि गुण मोजतांना वाद होत नाहीं. परंतु प्रत्येक डब्याच्या तळाशीं पंधरा-वीस गोळ्या उरतात. चार वर्षांत असे डबे सांचले म्हणजे निरनिराळ्या वजनांची आणि आकारांची एक खिचडी तयार होते. ती टाकवत नाहीं. स्पर्धेलाही चालत नाहीं. मग ती सरावाला लावावी, असें मनांत येणें साहजिक आहे.

गोळीचें वजन तिकडे ग्रेनमध्यें सांगतात. आपल्या जुन्या तोळ्याचे ग्रेन १८० आणि गुंजा ९६. (आमच्या देवीच्या देवळाचे खांबही ९६ आणि विहिरीच्या पायऱ्याही तितक्याच, त्यामुळें करमाळ्याच्या मुलांना हें कोष्टक पाठ करवितांना मला कधीं त्रास पडला नाहीं.) त्याच्या डब्यांत १४८ ग्रेनच्या सपाट गोळ्या होत्या, म्हणजे सुमारें ७९ गुंजांच्या, आणि १५८ ग्रेनच्या दुसऱ्या, म्हणजे ८४ गुंजांच्या. पांच गुंजांच्या फरकानें काय बिघडतें? बरेंच बिघडतें. बार होतांच रिव्हॉल्व्हर हातांत वर उसळूं लागतें, आणि त्या वेळीं गोळी अजून नळींतच असते. जड गोळी सावकाश निघते, तोंवर नळीचें तोंड अधिक वर गेलेलें असतें. म्हणून पंचवीस यार्डांवर ती हलकीपेक्षां वर लागते. नेमबाज मात्र आपल्या मनगटास दोष देत बसतो. दुसरें असें कीं, गोळी पुंगळींत जितकी खोल बसवावी तितकी दारूची जागा अपुरी होते आणि दाब चढतो. एका गोळीला सोसणारें माप दुसरीला सोसेलच असें नाहीं. म्हणून प्रत्येक जातीची गोळी निराळी काढावी, तिच्यासाठीं छापील कोष्टकांत सांगितलेलेंच माप घ्यावें, आणि पुड्या वेगळ्या ठेवाव्या. येथवर तो चुकला नव्हता.

तो चुकला तो तपासणींत. भरलेलें प्रत्येक काडतूस काट्यावर ठेवून पाहण्याची त्याला संवय होती. हलकें भरलें तर आंत दारू नाहीं, असा त्याचा आडाखा. पण काडतुसांच्या तुकड्या तपासणीच्या वेळीं एकत्र झाल्या होत्या, आणि रिव्हॉल्व्हरच्या सरावी काडतुसांतील दारू तर पांच गुंजाही भरत नाहीं. जड गोळीचें रिकामें काडतूस हलक्या गोळीच्या भरलेल्या काडतुसाएवढें किंवा त्याहून जडच भरणार! काट्यानें खोटें सांगितलें नाहीं. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला. शाळेंत असतां हें गणित मीच त्याला फळ्यावर घातलें असतें.

सरावाला तो एकटाच उभा होता. चौथ्या बाराला नेहमींचा धडाका न होतां नुसता ‘फट्’ असा आवाज आला आणि हाताला धक्का बसला नाहीं. केपेच्या एकटीच्या जोरानें गोळी नळींत शिरून मध्येंच अडकली होती. तिच्या मागून दुसरी गेली असती तर नळी फुटली असती, आणि मग बोटें कीं डोळे, एवढाच प्रश्न उरला असता. त्यांच्या शीघ्र फेरींत दहा सेकंदांत पांच बार टाकावयाचे असतात, म्हणजे बारास दोन सेकंद. त्या फेरींत बोट थांबलें असतें कीं नाहीं हें तो सांगूं शकला नाहीं. हा सराव सावकाश फेरीचा होता. त्यानें दुर्बिणींतून लक्ष्याकडे पाहिलें. कागदावर भोंकें तीनच.

त्यानें रिव्हॉल्व्हर रिकामें केलें आणि घरीं येऊन त्या दिवशीं भरलेलीं सर्व काडतुसें एकेक करून उकललीं. दारू नसलेलें आणखी एक निघालें. भरणी अर्ध्यावर आली असतां आईचा फोन आला होता, आणि परत येऊन बसल्यावर त्यानें दोन पुंगळ्या पुढून सुरुवात केली होती. आतां तो पन्नास पुंगळ्या लाकडी फळींत उभ्या करतो, दिव्याखालीं प्रत्येकीच्या पोटांत डोकावून दारूची पातळी पाहतो, आणि मगच गोळीला हात लावतो. फोन त्या वेळीं दुसऱ्या खोलींत असतो. आईला त्यानें तसें सांगून ठेवलें आहे.