माहितीपुस्तिकेचे स्थलांतर : पायथॉनपासून पवईपर्यंत

प्रस्तावना : संगणकीय आज्ञावली कशी वापरावी हे सांगणारी माहितीपुस्तिका आज बहुधा संकेतस्थळाच्या रूपात असते. तिची पाने हाताने रचली जात नाहीत. साध्या खुणांसह लिहिलेल्या मूळ मजकुरापासून एक बांधणी-साधन ती तयार करते. हे साधन बदलताना काय टिकते आणि काय हरवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या बाबतीत पायथॉन या संगणकीय भाषेचे उदाहरण बोलके आहे. तिची पुस्तिका पूर्वी लेटेकमध्ये लिहिली जाई. छपाई सुबक होई, परंतु लेटेक न जाणणाऱ्यास एक ओळ दुरुस्त करणेही अवघड जाई. 2007 मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी हा मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या सुटसुटीत पद्धतीत आणला आणि त्यासाठी घडवलेले स्फिंक्स हे साधन 2008 मध्ये सर्वांना खुले केले. मजकुराचे रूपांतर आज्ञावलीने केले गेले, आणि ‘हे फलनाचे नाव’, ‘हे घटकाचे नाव’ अशा अर्थदर्शक खुणा त्यात जपल्या गेल्या. सरसकट सर्व नावे ठळक अक्षरांत छापली असती, तर पाने तशीच दिसली असती. मात्र नावावरून त्याच्या व्याख्येकडे जाणारे दुवे आपोआप जोडता आले नसते. पानांचे पत्ते मात्र बदलले. जुना पत्ता नव्याकडे वळवला नाही, तर छापील पुस्तकातील वा प्रयोगवहीतील संदर्भ निरुपयोगी ठरतो, आणि पुस्तक काही पुन्हा छापले जात नाही.

विक्रोळीलगतच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही स्फिंक्स रुजले. तेथील वांतरिक्ष अभियांत्रिकी विभागाचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्या ‘मायावी’ या त्रिमितीय चित्रण-प्रणालीची आणि त्याच विभागात विकसित झालेल्या पायएसपीएच या प्रवाह-गणन प्रणालीची पुस्तिका स्फिंक्सनेच बांधली जाते. आज्ञावलीतच लिहिलेली स्पष्टीकरणे हे साधन थेट उचलते. सोय मोठी, पण पुढे साधन बदलायचे झाल्यास हीच गाठ सोडवणे सर्वांत कठीण जाते.

मराठी अनुवादाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. 2011 पासून स्फिंक्समध्ये परिच्छेदनिहाय अनुवादाची सोय आहे. मूळ परिच्छेद हीच अनुवादाची ओळख असते. तो बदलला की त्याचा अनुवाद पुन्हा तपासावा लागतो, बाकीचे अनुवाद अबाधित राहतात. परंतु स्थलांतरात वाक्याच्या आतील खूण बदलली, तरी यंत्राच्या लेखी तो परिच्छेद वेगळा होतो. अर्थ तोच असूनही अनुवादकाचे श्रम एका रात्रीत ‘संशयास्पद’ ठरतात. यास्तव ज्या आज्ञावलीने मूळ मजकूर रूपांतरित करावयाचा, तिच्यातूनच अनुवादाच्या धारिकाही त्याच वेळी न्याव्या लागतात. हे काम नंतर हाताने करू म्हटल्यास ते बहुधा होतच नाही.